दोन्ही अभिप्राय तुमचेच होते

सर, परवा तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही.

सभा संस्थेच्या त्याच सभागृहात होती, जिथं नव्या विद्यार्थ्यांपुढं दरवर्षी पहिलं व्याख्यान तुम्ही द्यायचात. एकेक माणूस उठत होता. कुणी तेलुगूत बोललं, कुणी इंग्रजीत, आणि फिरून फिरून सगळे एकच सांगत होते, की असा सचोटीचा माणूस पुन्हा होणे नाही. माईक हातोहात माझ्या रांगेत आला. शेजारच्या बाईंनी तो माझ्यापुढं धरला. तुमची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी म्हणून मीच बोलावं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी मान हलवली आणि माईक पुढं सरकवला. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाहीये. वाटू दे. मला राग आवरत नव्हता.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण तुम्ही असतानाच सुरू झालं होतं. ते अर्ध्यात टाकून तुम्ही गेलात. आता माझी बाजू मी एकटीनं किती दिवस मनात धरून बसायची?

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला धड मराठीही लिहिता येत नव्हतं. आजोबा परभणीकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आलेले, वडिलांचा जन्म इथलाच, आणि आमचं घर सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेबाहेर तेलुगू. तुम्ही पुण्याचे. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "तुरीच्या मर रोगावर काम करायची तयारी आहे का?"

"हौ सर."

"हौ? हे कुठलं मराठी?"

"सुलतान बाजारचं, सर."

तुम्ही इतके हसलात, की बाहेरच्या खोलीतून लोक डोकावले. पुढं काही वर्षांनी तुम्ही फोनवर कुणाला तरी "हौ, हौ, येतो" म्हणालात, आणि मी तोंडावर हात धरून हसले. तुम्ही डोळे वटारलेत. तो दिवस आठवला की अजून बरं वाटतं. वाईट याचं वाटतं, की बरं वाटल्यावर लगेच पुढचं सगळं आठवतं.

लिहायला तुम्ही शिकवलंत. माझ्या पहिल्या मसुद्यात तुमच्या हिरव्या शाईनं अर्धी वाक्यं खोडलेली असायची. "हे तुला दिसलं, की दिसावंसं वाटलं?" असं समासात लिहायचात. दरवर्षीच्या त्या पहिल्या व्याख्यानात तुम्ही म्हणायचात, दुसऱ्याचं वाक्य उचललं तर चोरी, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण आपलंच जुनं काम नवं म्हणून पुन्हा छापलं तर? एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलांकडे पाठवला तर? न आवडलेलं रोप मोजणीतून गाळलं तर? मग थांबून सांगायचात, की ज्याला आपण ओळखत नाही, ज्याचं आपल्याशी काही देणंघेणं नाही, अशा माणसानं आपलं काम तपासायचं, विज्ञान एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे. मी हे माझ्या विद्यार्थ्यांना तुमच्याच शब्दांत सांगत आले.

आणि तुम्ही नुसते बोलणारे नव्हतात. विभागप्रमुखांनी एकदा सुचवलं, की आपल्या एका पेपरवर त्यांचंही नाव असावं. तुम्ही मला घेऊन त्यांच्या खोलीत गेलात. "साहेब, यातलं एखादं रोप तुम्ही पाहिलंय का?" ते म्हणाले, कामात वेळ कुठं मिळतो. "मग नाव कसं घालू?" एवढंच. आवाजही चढवला नाहीत. त्यानंतर तुमची बढती वर्षानुवर्षं लटकली. तुमच्याहून कनिष्ठ माणसं पुढं गेली, आणि तुम्ही त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीत. मी माझ्या वडिलांना सांगायचे, माझे सर असे आहेत.

म्हणून तर, सर. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी विसरले असते.

आपला तो पेपर. वडिलांच्या चुलतभावाच्या शेतात एक तुकडा होता, जिथली तूर मरत नसे. आजूबाजूची उभी वाळून जायची आणि ही हिरवीगार. मी तिथली मुळं मातीसकट उपटून पिशवीत भरली आणि बसनं हैदराबादला आणली. वास मारतो म्हणून कंडक्टर माझ्याशी भांडला होता. त्या मातीतून आपल्याला तो जीवाणू मिळाला, मर रोगाच्या बुरशीला मुळाशीच अडवणारा. मी नाचायची बाकी होते. तुम्ही म्हणालात, "पुन्हा करून बघ." मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. तुम्ही म्हणालात, "आता लिही."

लिहिलं, आणि पेपर एका जर्नलकडून परत आला. मग दुसऱ्याकडून, मग तिसऱ्याकडून. कुणी वाचलाही नव्हता. आमच्या वाचकांना यात रस वाटणार नाही, एवढंच उत्तर. माझा करार संपत आला होता. त्यातच आई दवाखान्यात. तुम्ही म्हणालात, "अर्चना, या वेळी पेपर मी पाठवतो. तू घरचं बघ."

मी घरचं बघितलं. पेपर पाठवणाऱ्याला जर्नल विचारतं, की हा विषय जाणणारे, याची तपासणी करू शकतील असे तज्ज्ञ कोण, त्यांची नावं आणि ईमेल द्या. संपादकाला वाटलं तर तो त्यांनाच विचारतो. तुम्ही दोन परदेशी शास्त्रज्ञांची नावं दिलीत, हे मला ठाऊक होतं. मोठी माणसं होती. ती आपला पेपर हातात तरी घेतील का, अशी मला धाकधूक होती.

अभिप्राय आले तेव्हा मी हिमायतनगरच्या थांब्यावर बसची वाट बघत होते. फोनवरच वाचले. एक अभिप्राय कडक होता. कुंड्यांतल्या रोपांवरून एवढं बोलू नका, म्हणाला, काळ्या जमिनीत, उघड्या शेतात एक हंगाम करून दाखवा. दुसरा मायाळू होता. त्यात माझ्याबद्दल एक ओळ होती: 'पहिल्या लेखिकेची नजर दुर्मिळ आहे, तिनं या विषयात टिकून राहावं.' बस आली आणि निघून गेली. मी तिथंच उभी.

घरी येऊन वडिलांना ती ओळ मराठीत करून सांगितली. ते म्हणाले, "कोण म्हणायलंय हे?"

"आपल्याला ओळखत नाही असा माणूस म्हणायलाय, दादा. म्हणून तर त्याला किंमत."

मग कडक अभिप्रायाचं ऐकून मी पूर्ण हंगाम शेतात काढला. उन्हातान्हात ओळी मोजल्या, मरणारी रोपं टिपली. पेपर त्यानं खरंच सुधारला. तो छापून आला, त्याच्या जोरावर मला कायमची नोकरी लागली, माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली. आणि पुढची कितीतरी वर्षं, काही जमेनासं झालं, की मी त्या अनोळखी माणसाची ओळ मनात म्हणत असे. टिकून राहावं. मी टिकले.

गेल्या वर्षी त्या जर्नलकडून ईमेल आला. ते जुन्या पेपरांची तपासणी करत होते. आपल्या पेपरचे दोन्ही अभिप्राय ज्या ईमेलवरून आले, ते त्या शास्त्रज्ञांचे नव्हतेच, त्यांच्या नावानं दुसऱ्याच कुणी उघडलेले होते. त्या दोघांनी आपला पेपर कधी पाहिलाही नव्हता. दोन्ही ईमेल एकाच ठिकाणाहून वापरलेले दिसत होते. लेखकांनी खुलासा करावा.

मी तुम्हाला फोन केला तो हसतच. म्हटलं, "सर, यांचा काहीतरी घोटाळा झालाय." तुम्ही एवढंच म्हणालात, "घरी येऊन जा."

मलकपेठेत त्या दिवशी घोड्यांची शर्यत होती. रस्ता तुंबलेला, रिक्षावाला वैतागून म्हणाला, "अम्मा, यहाँ से पैदल जाव." मी चालत आले. नीलाकाकूंनी दार उघडलं, पोहे करते म्हणाल्या आणि आत गेल्या. तुम्ही खिडकीपाशी बसला होतात. मी बसायच्या आत तुम्ही म्हणालात, "ते अभिप्राय मी लिहिले."

मला कळलंच नाही. "कुठले?"

"दोन्ही."

आत फोडणी तडतडत होती. तुम्हीच बोलत राहिलात. "काम खरं होतं अर्चना. एक आकडा खोटा नव्हता. तिघांनी न वाचता परत पाठवलं. तुझा करार संपत होता. मी फक्त दार उघडलं."

"काम खरं होतं, तर तुम्ही घाबरलात कशाला?"

"काम बघून नाही घाबरलो. ते बघणारच नाहीत, म्हणून घाबरलो."

"आणि तो कडक अभिप्राय?"

"उणीव होती. कुणीतरी दाखवायला हवी होती ना? मी ढिलाई नाही केली."

हे तुम्ही जरा अभिमानानं म्हणालात, सर. तुमच्या लक्षात आलं नसेल. खोट्या नावानंही तुम्ही परीक्षा कडकच घेतली, याचा तुम्हाला अभिमान होता.

मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. "माझ्या नजरेबद्दलची ओळ?"

तुम्ही खाली बघितलंत. "ती मनापासून लिहिली."

"मनापासून होती, तर माझ्या तोंडावर का नाही म्हणालात? इतकी वर्षं मी तुमच्यासमोर होते, सर. एकदा तरी म्हणायचं होतं."

काकू पोहे घेऊन आल्या आणि विषय तिथंच थांबला. मी पोहे न खाता उठले. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी त्या घरी आले नाही.

तुम्हाला वाटलं असेल, माझी नोकरी, माझं नाव धोक्यात आलं म्हणून मी चिडले. तेही होतं. पण खरं सांगू? तुम्ही माझा तो अनोळखी माणूस काढून घेतलात. जगात कुणीतरी, ज्याला माझी कीव यायचं कारण नव्हतं, त्यानं मला ओळखलं होतं. तो नव्हताच. त्या जागी माझेच सर निघाले, मला सांभाळून घेणारे. माझं काम स्वतःच्या पायांवर उभं राहिलं असतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. ती संधी तुम्ही मला दिली नाहीत.

पेपर मागं घेतला गेला. आता तो उघडला, की प्रत्येक पानावर 'मागे घेतलेला' अशी आडवी लाल अक्षरं दिसतात. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, की लेखकांनी तपासणीच्या प्रक्रियेत फसवणूक केली. लेखकांनी, सर. एकानं नाही. तुम्ही त्यांना कळवलं होतंत, की हे मी एकट्यानं केलं, पण त्यांनी सूचनेत ते घातलं नाही. मी फोनवर म्हटलं, दुरुस्ती मागा. लेखिकेला काही ठाऊक नव्हतं, एवढं एक वाक्य. तुम्ही म्हणालात, "बघतो. करतो."

माझ्या संस्थेनं चौकशी नेमली. चौकशी संपेपर्यंत नीतिनियमांचा तास मी घेऊ नये, असं ठरलं. तुमच्याच शब्दांत मी जो तास घेत आले, तो. एक विद्यार्थिनी दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेली. निघताना रडली, म्हणाली, घरचे म्हणतात. तिचा काय दोष? शेजारच्या प्रयोगशाळेतले रेड्डी मात्र रोज डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. एकदाही काही विचारलं नाही. त्यांचं हे मी विसरणार नाही.

वर आणखी एक. छापतानाच आपण पेपरचे सगळे हक्क जर्नलला लिहून दिले होते. पेपर त्यांनी रद्द केला, पण हक्क काही परत आले नाहीत. माझ्या हातानं लावलेल्या तुरीचे, माझ्या कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा वापरायला मला त्यांचीच परवानगी मागावी लागली. ती यायला कितीतरी महिने लागले. परवानगी आल्यावर मी पेपर नव्यानं लिहिला आणि दुसऱ्या जर्नलला पाठवला. आधी काय घडलं ते सगळं संपादकाला सोबत लिहिलं. तज्ज्ञांची नावं सुचवली नाहीत. तुम्हाला फक्त निरोप पाठवला, की जर्नलचा ईमेल येईल, लेखक म्हणून होकार द्या. तुम्ही दिलात. आपण बोललो नाही.

दवाखान्यात मी एकदाच आले. तुम्ही वाळून गेला होतात. यंदा परभणीकडे तूर कशी आहे, विचारलंत. मी सांगितलं. पाऊस, शेंगा, भाव, सगळं सांगितलं. निघताना तुम्ही म्हणालात, "त्या सूचनेचं मी बघतो. जरा उठून बसता येऊ दे."

मी म्हटलं, "हौ सर."

तुम्ही उठून बसला नाहीत. ते वाक्य लिहायला वर्षभरात एक सकाळ पुरली असती. तुम्ही ती का काढली नाहीत, हा विचार मी रोज करते. कधी वाटतं, लाज वाटली असेल. कधी वाटतं, तुमच्या लेखी ही गोष्ट एवढी मोठी नसेलच. दुसरं खरं असेल, या भीतीनं मी तुम्हाला विचारलं नाही.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात नव्या जर्नलचे अभिप्राय आले. दोन माणसं, कोण ते ठाऊक नाही. एकानं शेतातल्या हंगामाचं काम भक्कम आहे म्हटलंय. दुसऱ्यानं एक प्रश्न विचारलाय: त्या तुकड्यात तूर मरत नव्हती, तर तिथं आधी कोणतं पीक होतं? जीवाणू तुरीनं आणला, की आधीच्या पिकानं तिच्यासाठी ठेवला? सर, मी खुर्चीतच बसून राहिले. इतकी वर्षं त्या मातीत हात घालून हा प्रश्न मला सुचला नव्हता. तुम्हालाही नाही. दोन माणसांचे अभिप्राय एकट्यानं लिहूनही नाही.

सुधारलेला पेपर पाठवायचा तर सगळ्या लेखकांनी पुन्हा होकार द्यायचा असतो. तुम्ही गेल्याचं मी जर्नलला कळवलं. ते म्हणाले, घरच्या माणसाची संमती चालेल. म्हणून काल मी मलकपेठेला आले.

काकू एकट्याच होत्या. मी त्यांच्या फोनवर ईमेल उघडून दिला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. मग फोन मांडीवर ठेवला.

"मी हो म्हणायच्या आधी एक सांग. यांनी काय केलं होतं?"

"तुम्हाला सर काही बोलले नाहीत?"

"नाही. तू यायची बंद झालीस. यांना विचारलं की म्हणायचे, ती कामात आहे. मला काय कळत नाही?"

मी सांगितलं. सगळं, अगदी त्या ओळीपर्यंत. संपल्यावर काकू उठून आत गेल्या, तोंड धुतल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाल्या,

"त्यांचं नाव काढून टाकलंस तर मी काही म्हणणार नाही."

"काढता येत नाही काकू. काम त्यांचं आहे. काम केलेल्याचं नाव गाळलं, तर मग माझ्यात नि..."

"नि त्यांच्यात काय फरक, असंच ना? बोल. मी काही मोडून पडत नाही." मग त्यांनी विचारलं, "माफ केलंस त्यांना?"

"नाही."

"मग ते नाव..."

"नावाला माफी लागत नाही काकू. काम लागतं."

त्यांनी फोन उचलला आणि दूर धरून होकाराचं बटण दाबलं. मग म्हणाल्या, "त्या सूचनेचं काय ते जर्नलला मी लिहिते. बायको म्हणून. तू सांग, मी लिहिते. चालेल का?"

चालेल की नाही, मला ठाऊक नाही. पण आम्ही दोघींनी बसून लिहिलं. तुमच्या टेबलावर, तुमच्या खुर्चीत काकू, बाजूला मी. लिहून झाल्यावर त्यांनी वरण-भात वाढला आणि मी जेवले.

घरी येऊन परभणीला वडिलांच्या त्या चुलतभावाला, काकांना, फोन लावला. त्या तुकड्यात तुरीआधी काय होतं, विचारलं. काका म्हणाले, नीट आठवत नाही, जवस असावं. आता जवस लावून बघायचं, त्यावर तूर घ्यायची, मग कुठं काही कळेल. मला ते करायचंय, आणि कधी नव्हे ती त्याची घाई झालीय. प्रश्न खरा आहे, विचारणारा खरा आहे, आणि उत्तर काय येईल ते जगात कुणालाच ठाऊक नाही.

ते आलं, की पहिला फोन कुणाला लावायचा, एवढंच कळत नाही, सर. आजवर तो तुम्हालाच लागत होता.